मार्सेलिसचे सागरद्वार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दक्षिण फ्रान्समधील मार्सेलिस या बंदराच्या किनारी रस्त्यावर, समुद्राच्या अगदी काठाशी, पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेली एक भव्य दगडी कमान आहे. या कमानीविषयी आणि तिच्या परिसरातील पाहण्याजोग्या स्थळांविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (पुणे) : युरोपच्या सहलीत आमची बस या कमानीपाशी दहा मिनिटे थांबली. मार्गदर्शकाने ‘युद्धस्मारक’ एवढेच सांगितले. ही कमान कोणत्या युद्धाची, कोणासाठी आणि नेमकी समुद्रालगतच का बांधली?

उत्तर : या स्मारकाचे पूर्ण नाव मराठीत सांगायचे तर ‘पूर्वेकडील सेनेतील आणि दूरदेशांतील वीरांचे स्मारक’ असे होईल. त्याचे उद्घाटन २४ एप्रिल १९२७ रोजी फ्रान्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गास्तों दूमेर्ग यांच्या हस्ते झाले. आराखडा वास्तुविशारद गास्तों कास्तेल यांचा आणि शिल्पे आंत्वान सार्तोरियो यांची. आगीत भस्मसात झालेल्या मार्सेलिसच्या ऑपेरागृहाच्या पुनर्बांधणीतही या दोघांचा हात होता. कास्तेल स्वतः या युद्धात लढताना जखमी झालेले होते, ही गोष्ट स्मारकाकडे पाहताना अवश्य ध्यानात घ्यावी.

पहिले महायुद्ध म्हटले की फ्लँडर्सचा चिखल, व्हर्दूनचे खंदक आणि सॉमची लढाई डोळ्यांपुढे येते. परंतु हजारो फ्रेंच सैनिक आपल्या भूमीपासून फार दूर लढले. १९१५ मध्ये तुर्कस्तानातील दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या मोहिमेत आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रीसमधील सालोनिका येथे फ्रान्सची ‘पूर्वेकडील सेना’ उतरली. या सेनेत फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीने उत्तर आफ्रिकेतील, सेनेगलमधील आणि इंडोचायनातील तुकड्याही होत्या. मॅसेडोनियातील दलदलीच्या खोऱ्यांत हिवतापाने या सैन्याची दैना उडवली आणि शत्रूच्या गोळीपेक्षा रोगाने अंथरुणाला खिळलेल्यांची संख्या कितीतरी मोठी झाली. असे असूनही, सालोनिकाभोवती खंदक खणत आणि भाजीपाला पिकवत बसलेले ‘माळी’ अशी त्यांची मायदेशात हेटाळणी झाली. सप्टेंबर १९१८ मध्ये याच सैन्याने सर्बियन सैन्याच्या साथीने डोब्रो पोल्ये येथे आघाडी फोडली आणि २९ सप्टेंबर रोजी बल्गेरियाने शस्त्रसंधीवर सही केली. जर्मनीच्या बाजूच्या राष्ट्रांपैकी युद्धातून बाहेर पडलेले ते पहिले राष्ट्र होय. माझ्या मते ही कमान म्हणजे त्या उपेक्षित सैनिकांना उशिरा मिळालेला न्याय आहे.

हे सैनिक मार्सेलिसच्या बंदरातूनच जहाजावर चढले होते, म्हणून स्मारकासाठी या शहराची निवड झाली. कमानीच्या पोकळीत दोन्ही हात वर उंचावलेली ब्राँझची स्त्रीमूर्ती उभी आहे. रस्त्याच्या बाजूने पाहिले असता तिच्यामागे भिंत, इमारत किंवा झाड असे काहीही नसून केवळ पाणी आणि आकाश दिसते. विजयकमानीखालून सहसा रस्ता जातो आणि परतलेली सेना तिच्याखालून मिरवत शहरात येते. येथे कमानीपलीकडे रस्ताच नाही, समुद्र आहे, आणि ज्यांच्यासाठी ती बांधली ते त्या समुद्रापलीकडेच राहिले.

प्रश्न (नाशिक) : आमचे खापरपणजोबा पलटणीत होते आणि ते ‘मार्सेलला उतरले’ असे घरात सांगितले जाते. या कमानीवर भारतीय सैनिकांची नावे आहेत का? मराठा पलटणी तेथे गेल्या होत्या का?

उत्तर : हे स्मारक फ्रेंच सैन्याचे आहे, त्यामुळे आपल्या पूर्वजांचे नाव तेथे शोधू नये. तथापि आपल्या घरातील आठवण निराधार ठरत नाही. २६ सप्टेंबर १९१४ रोजी लाहोर डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या मार्सेलिसच्या धक्क्यावर उतरल्या आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास मेरठ डिव्हिजन येऊन दाखल झाली. शहरवासीयांनी रस्त्यांच्या दुतर्फा गर्दी करून या सैनिकांचे स्वागत केले. त्यांच्या छावण्यांपैकी एक बोरेली उद्यानाच्या परिसरात पडली होती, आणि तेथील तंबू, पगडीधारी जवान व खेचरे यांची त्या काळी छापलेली चित्रपत्रे आजही संग्राहकांकडे पाहावयास मिळतात. हे उद्यान कमानीपासून त्याच किनारी रस्त्याने दक्षिणेकडे गेल्यावर लागते. आज तेथे तळे, गुलाबवाटिका आणि मुलांच्या सायकली दिसतात. थंडीच्या तोंडावर उन्हाळी गणवेशात आलेली ही माणसे काही दिवस येथे राहिली आणि मग आगगाडीने उत्तरेकडे, थेट फ्लँडर्सच्या आघाडीवर रवाना झाली.

मराठा पलटणींविषयी मात्र एक खुलासा आवश्यक आहे. मराठा पायदळाच्या बहुतेक बटालियन त्या युद्धात फ्रान्समध्ये नव्हे, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत-अल-अमारा येथील वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याला उपासमारीमुळे शरण जावे लागले. त्यामुळे आपल्या पूर्वजांची पलटण मराठा पायदळाची असेल, तर शोध प्रथम त्या दिशेने घ्यावा.

परंतु महाराष्ट्राचा मार्सेलिसशी संबंधच आला नाही, असेही नाही. पुण्याजवळच्या खडकीतील सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या. त्यांचे मूळ काम पूल बांधणे, सुरुंग पेरणे आणि खंदक खणणे हे. तरीही २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यू शापेल गाव परत घेण्यासाठी त्यांना ४७व्या शीख पलटणीच्या जोडीने पायदळाप्रमाणे चढाईस पाठवण्यात आले. घराघरांतून हातघाईची लढाई झाली, दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले वा जखमी झाले आणि पुरेशी कुमक न आल्याने गाव पुन्हा सोडावे लागले. खडकीच्या या जवानांत मराठ्यांची संख्या लक्षणीय असे. आपले खापरपणजोबा या कंपन्यांपैकी एकीत असण्याची शक्यता आपण जरूर पडताळून पाहावी.

नावांचा शोध घेण्यासाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची संगणकीय नोंदवही सर्वांना विनामूल्य खुली आहे. तिच्यात केवळ युद्धात मृत्यू पावलेल्यांची नावे असतात. जे परतले त्यांची नसतात. अनेक भारतीय नोंदींत सैनिकाचा क्रमांक, पलटण, वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते. इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आले तसे लिहिल्यामुळे एकच आडनाव निरनिराळ्या वळणांनी नोंदले गेले आहे, म्हणून पवार, पोवार, पुवार अशी सर्व रूपे तपासावीत. पलटणीचे नाव ठाऊक असल्यास शोध पुष्कळ सोपा होतो.

आणि मार्सेलिसला जाणे झालेच, तर कमानीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक वेळ शहराच्या दक्षिण भागातील माझार्ग युद्धस्मशानभूमीला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. युद्धाच्या संपूर्ण काळात मार्सेलिस हा फ्रान्समधील भारतीय सैन्याचा मुख्य तळ होता आणि येथील रुग्णालयांत दगावलेल्या सैनिकांच्या समाधी येथे आहेत. पहिल्या महायुद्धातील सुमारे १,५०० जणांची नोंद या ठिकाणी आहे. दहन झालेल्या २०० हून अधिक भारतीयांसाठी मागच्या बाजूला स्वतंत्र स्मारक असून, त्याचे अनावरण १९२५ च्या जुलै महिन्यात फील्ड मार्शल बर्डवुड यांनी केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी येथे एकत्र पुष्पचक्र वाहिले, तेव्हा या जागेचे नाव आपल्याकडील वृत्तपत्रांत झळकले. एरवी येथे पर्यटकांची वर्दळ नसते. सहलीच्या बस कमानीपाशी थांबतात आणि येथे येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या माणसांनी निदान तासभर काढून येथे जावे, रांगांमधून फिरावे, दगडांवरील नावे वाचावीत. मेट्रोच्या दोन क्रमांकाच्या मार्गाने प्रादोच्या चौकापर्यंत आणि तेथून शहर-बसने माझार्ग भागात जाता येते.

प्रश्न (ठाणे) : स्वातंत्र्यवीर सावरकरांनी उडी मारली ती जागा या कमानीपासून दिसते का?

उत्तर : नाही. ८ जुलै १९१० रोजी सावरकर ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून समुद्रात झेपावले, तेव्हा या कमानीचा पायाही घातला गेलेला नव्हता. शिवाय मोठ्या आगबोटींचे बंदर शहराच्या उत्तर अंगाला, झोलिएत भागापासून पुढे पसरलेले आहे, तर कमान जुन्या बंदराच्या दक्षिणेला आहे. सावरकर पोहून धक्क्यावर चढले, काही अंतर धावले आणि एका फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून परत बोटीवरील पहाऱ्याच्या हवाली केले. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या राजकीय कैद्याला असे परत नेता येते का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. पकडताना अनियमितता झाली हे मान्य करूनही, सावरकरांना फ्रान्सच्या ताब्यात परत देण्यास ब्रिटन बांधील नाही, असा निर्णय लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिला.

बंदराच्या धक्क्यांचा बराचसा भाग सर्वसामान्यांसाठी बंद असतो. त्या परिसराचा अंदाज घ्यायचा असेल, तर जुन्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या भूमध्यसागरी संस्कृती संग्रहालयाच्या गच्चीवर जावे. रूदी रिचोत्ती यांनी रचलेली, जाळीदार काँक्रीटच्या आवरणाची ही वास्तू २०१३ मध्ये खुली झाली आणि एका अरुंद उंच पुलाने ती शेजारच्या सेंट जाँ किल्ल्याशी जोडलेली आहे. गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले की लांब बांध, धक्के आणि नांगरलेल्या बोटी दिसतात. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही मार्सेलिसलाच बोटीतून उतरले होते. मुंबईहून निघालेली कित्येक माणसे येथे उतरून आगगाडीने पुढे लंडनला जात, कारण त्यामुळे जिब्राल्टरचा लांबचा वळसा वाचत असे. संग्रहालय मंगळवारी बंद असते.

प्रश्न (कोल्हापूर) : वयस्क आईवडिलांना घेऊन जात आहोत. कमानीपर्यंत कसे पोहोचावे आणि आसपास त्यांना झेपेल असे काय आहे? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर : जुन्या बंदरावरून ८३ क्रमांकाची बस किनारी रस्त्याने जाते. व्हालों दे झोफ या थांब्यावर उतरले की कमान जवळच आहे. अंतर साधारण अडीच किलोमीटर असल्याने पाय धड असलेल्यांनी चालतच जावे, असे मी सुचवेन. या रस्त्याला केनेडी यांचे नाव आहे आणि त्याच्या समुद्राकडील कठड्याला लागून मैलाहून अधिक लांबीचा सलग बाक बांधलेला आहे. वयस्कांसाठी त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. दमले की बसावे, पुन्हा उठावे. मुंबईकरांना येथे मरीन ड्राइव्हच्या कठड्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. स्मारकाला प्रवेशशुल्क नाही.

कमानीच्या अगदी जवळ, रस्त्याच्या तीन कमानींच्या पुलाखाली, व्हालों दे झोफ हे कोळ्यांचे इवलेसे बंदर दडलेले आहे. वरून जाणाऱ्या मोटारींतून त्याचा पत्ताही लागत नाही. खाली उतरले की दोन्ही टोकांना निमुळत्या, निळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगांच्या लाकडी होड्या एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दिसतात, त्यांच्या मागे छोटी छोटी घरे, वाळत घातलेली जाळी आणि पाण्यात पाय सोडून बसलेली मुले. उतरण्यासाठी पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर पुलावरूनच पाहावे. तेथूनही दृश्य उत्तम दिसते. बुईयाबेस हा मार्सेलिसचा प्रसिद्ध मत्स्यपदार्थ येथील उपाहारगृहांत मिळतो. आधी केशरयुक्त रस्सा आणि पाव, मागून निरनिराळे मासे असा त्याचा थाट असतो. तो बराच महाग पडतो. आपल्यासाठी मात्र पानीस हा पदार्थ आहे. हरभऱ्याचे पीठ शिजवून, थापून, त्याच्या चकत्या तळतात आणि मीठ-मिरपूड घालून गरम गरम देतात. तळणीच्या तेलात मासे तळलेले नाहीत ना, हे आधी विचारून घ्यावे.

याच रस्त्याने पुढे गेल्यास शिल्पकार सेझार यांनी घडवलेले, जहाजाच्या पंख्याच्या पात्यासारखे एक मोठे ब्राँझचे शिल्प लागते. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर १९६२ मध्ये तेथून फ्रान्सला आलेल्या लोकांचे ते स्मारक आहे. सेझार स्वतः मार्सेलिसचेच. त्याही पुढे प्रादोची चौपाटी येते. मेट्रोचे बोगदे खणताना निघालेल्या माती-दगडांचा भराव टाकून ती तयार केली आहे.

नोत्र दाम द ला गार्द हे टेकडीवरील चर्च चुकवू नये. चढण खडी आहे, पण जुन्या बंदरावरून ६० क्रमांकाची बस थेट वर जाते. १८६४ मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चच्या मनोऱ्यावर अकरा मीटरांहून उंच अशी मेरीमातेची सोनेरी मूर्ती आहे आणि खलाशी तिला आपली पाठराखीण मानतात. आत गेल्यावर मान वर करून पाहावे. छतापासून दोऱ्यांनी टांगलेल्या लहान लहान गलबतांच्या आणि जहाजांच्या प्रतिकृती दिसतात. वादळातून वाचलेल्यांनी नवस फेडण्यासाठी त्या वाहिल्या आहेत, आणि भिंतींवर संगमरवरी पाट्यांवर आभाराचे शब्द कोरले आहेत. बाहेरच्या भिंतींवर ऑगस्ट १९४४ मधील गोळ्यांच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. २५ ऑगस्ट रोजी ही टेकडी जर्मनांकडून घेण्यात आली, ती प्रामुख्याने अल्जीरियन सैनिकांनी. चर्चच्या खालच्या चौकात त्या दिवशी निकामी झालेला ‘जान दार्क’ हा रणगाडा आजही उभा आहे. दुसऱ्या महायुद्धातही मार्सेलिससाठी रक्त सांडले ते समुद्रापलीकडून आलेल्यांनीच, हे तेथे गेल्यावर ठळकपणे जाणवते.

प्रश्न (म्हापसा, गोवा) : कमानीसमोरील बेटांपैकी एकावर गोव्याहून पाठवलेला गेंडा उतरवला होता, असे वाचले. हे खरे की दंतकथा?

उत्तर : खरे आहे. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क यांनी गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडे दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी नाकारली आणि भेटीदाखल गेंडा दिला. तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने निघून २० मे रोजी लिस्बनला पोहोचला. राजा मानुएल याने पुढे तो पोप दहावा लिओ याला नजर करण्यासाठी पाठवला. वाटेत, १५१६ च्या आरंभी, जहाज मार्सेलिसजवळच्या इफ बेटापाशी थांबले आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने तेथे तो गेंडा पाहिला. पुढच्या प्रवासात इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात बुडाले. साखळदंडांनी जखडलेल्या त्या मुक्या जनावराला पोहून सुटण्याचीही संधी मिळाली नाही. जर्मन चित्रकार ड्यूरर याने गेंडा प्रत्यक्ष न पाहता, केवळ वर्णन आणि रेखाटन यांवरून कोरलेला त्याचा छापा पुढे युरोपभर गाजला.

इफ बेटावरील किल्ला त्याच राजाने नंतर १५२४ पासून बांधवला आणि पुढे तो तुरुंग म्हणून कुप्रसिद्ध झाला. जुन्या बंदरावरून तेथे बोटी जातात.

प्रश्न (नागपूर) : मार्सेलिसमध्ये ‘विजयकमान’ म्हणून दाखवतात ती हीच का?

उत्तर : नाही. ती पोर्त द’एक्स. शहराच्या आतल्या बाजूला, एक्स या गावाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या तोंडाशी असलेली ही कमान बांधायला १८२५ मध्ये सुरुवात झाली आणि ती १८३९ मध्ये पुरी झाली. मिशेल-रोबेर पांशो हे तिचे वास्तुविशारद. तिच्यावरील युद्धदृश्ये पाहण्याजोगी आहेत, परंतु महायुद्धाशी तिचा संबंध नाही.

प्रश्न (लंडनस्थित मराठी वाचक) : कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जावे? हाती दोनच दिवस आहेत.

उत्तर : मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि किनारा गर्दीने फुललेला असतो. कमान पश्चिमेच्या समुद्राकडे उघडत असल्याने सूर्यास्ताच्या तासभर आधी तेथे पोहोचावे. मिस्ट्राल हा उत्तरेकडून येणारा सोसाट्याचा वारा वाहत असेल, तर उन्हाळ्यातही अंगात जाड कपडे हवेत आणि कठड्याच्या कडेने चालताना मुलांचे हात सोडू नयेत. याच वाऱ्यामुळे इफ बेटाच्या बोटी अनेकदा रद्द होतात. म्हणून बोटीचा बेत पहिल्या दिवशी सकाळी ठेवावा, म्हणजे ती रद्द झाल्यास दुसरा दिवस हाताशी राहतो. पहिल्या दिवशी बेट, संग्रहालय, किल्ला आणि संध्याकाळी कमान. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरील चर्च, मग ८३ क्रमांकाच्या बसने बोरेली उद्यान आणि तेथून माझार्ग, असा क्रम सोयीचा पडेल. माझार्गला टॅक्सीने गेल्यास परतीची टॅक्सी थांबवून ठेवावी. त्या भागात ती सहजी मिळत नाही.